दुवा, दोन ओळी आणि शंभर प्रतिसाद : मराठी आंतरजालावरील सामुदायिक वाचनाचा आढावा

आपल्या वाचनात आलेली एखादी लक्षणीय गोष्ट दुसऱ्याच्या नजरेस आणून द्यावी आणि तिच्यावर चारचौघांत बोलावे, ही प्रवृत्ती छपाईच्या काळापासून मराठी समाजात दिसते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’नी वाचकाचे पत्र हे सार्वजनिक चर्चेचे समर्थ साधन होऊ शकते हे दाखवून दिले होते. मात्र छापील चर्चेत वाचन आणि उत्तर यांच्यामध्ये आठवड्याचे किंवा महिन्याचे अंतर असे, आणि कोणते पत्र छापायचे हे एकटा संपादक ठरवत असे. आंतरजालाने, म्हणजे इंटरनेटने, ही दोन्ही बंधने सैल केली आणि त्यांच्या जोडीला एक नवी सोय दिली. ज्या मजकुराविषयी बोलायचे त्या मजकुराचा पत्ता, म्हणजेच दुवा, वाक्यातच ठेवता येऊ लागला आणि वाचकाला त्यावर टिचकी मारून मूळ मजकुरापर्यंत जाता येऊ लागले. मराठी भाषकांनी या सोयीचा पहिल्या दोन दशकांत कसा उपयोग केला, त्यातून चर्चेची कोणती पद्धत घडली आणि तिचे पुढे काय झाले, हा या आढाव्याचा विषय आहे.

हा इतिहास महाराष्ट्रात जितका घडला तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, महाराष्ट्राबाहेर घडला. त्यामुळे त्याच्याकडे पाहण्यासाठी बंगळूरच्या दक्षिणेकडील आनेकल तालुक्याचा परिसर सोयीचा ठरतो. कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ साली होसूर रस्त्यालगत सुमारे ३३० एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत आखली. पुढे तिच्या दक्षिणेस हेब्बगोडी, बोम्मसंद्र, चंदापूर आणि थेट आनेकल गावापर्यंतच्या पट्ट्यात, गिरण्या-कारखान्यांच्या जोडीने, संगणक व्यवसायात काम करणाऱ्यांची वस्ती पसरत गेली. १९९१ साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेने आपले बंगळूर केंद्र येथेच उघडले आणि कंपन्यांना उपग्रहामार्फत परदेशाशी जोडून दिले. मुंबईच्या जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजेच एनसीएसटी, या संस्थेचेही एक आवार याच वसाहतीत होते. शहाजीराजांना सतराव्या शतकात मिळालेल्या बंगळूरच्या जहागिरीमुळे या मुलखात मराठी बोलणारी जुनी घराणी होतीच. मात्र १९९० नंतर पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून नोकरीसाठी आलेला वर्ग त्यांच्याहून वेगळा होता. त्याचे काम इंग्रजीत चाले, बाजारहाट मोडक्यातोडक्या कानडीत होई आणि सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडण्याची शक्यता कमी असे. या वर्गासाठी संगणकाच्या पडद्यावरचे मराठी ही केवळ करमणूक राहिली नाही, हे पुढील घडामोडी समजून घेताना लक्षात ठेवले पाहिजे.

भारतात आंतरजाल प्रथम आले ते संशोधनसंस्थांत. १९८६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी होत्या. सामान्य ग्राहकाला ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले, आणि नोव्हेंबर १९९८ पर्यंत त्या सरकारी कंपनीची मक्तेदारी टिकून होती. सुरुवातीच्या स्वस्त जोडण्यांवर चित्रे दिसत नसत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे येत आणि दूरध्वनीचे शुल्क मिनिटागणिक चढे. मराठी भाषकांचे सर्वांत जुने सार्वजनिक ठिकाण म्हणजे यूजनेट या जागतिक चर्चाजाळ्यावरील ‘सॉक. कल्चर. इंडियन. मराठी’ हा गट. तिथे लिहिणारे बहुतांशी अमेरिकेतील विद्यार्थी आणि अभियंते होते. ते रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि उच्चार नेमके उतरावेत म्हणून अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या ‘आयट्रान्स’ या लिप्यंतर पद्धतीचा आधार अनेक जण घेत. या अवस्थेत दुव्यांना फारसे स्थान नव्हते, कारण दुवा द्यावा असे मराठी मजकूरच जाळ्यावर नव्हते. लोक आठवणीतून लिहीत, इंग्रजी बातम्यांचे उतारे देत आणि त्यांवर वाद घालत.

१९९६ च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे १६ सप्टेंबर रोजी, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले, आणि त्यावरील ‘हितगुज’ या चर्चाविभागाने मराठी गप्पांना पहिल्यांदा स्वतःचे घर दिले. हितगुजवरील प्रत्येक विषयाच्या पानाला सदस्य ‘बीबी’ म्हणत. बुलेटिन बोर्ड या संज्ञेचे ते लघुरूप होते, आणि एखाद्या शहराचा, पुस्तकांचा, पाककृतींचा किंवा चालू घडामोडींचा बीबी वर्षानुवर्षे चालत राही. पुढे मायबोलीवर ‘वाहते पान’ ही सोयही आली, जिच्यात नवे निरोप आले की जुने आपोआप नाहीसे होत. वाहत्या पानावर दिलेला दुवा त्या दिवशी हजर असलेल्यांपुरता असे, तर टिकणाऱ्या पानावरचा दुवा नंतर येणाऱ्या अनोळखी वाचकासाठीही असे. कोणती गोष्ट गप्पांत सांगून सोडून द्यायची आणि कोणती नोंदवून ठेवायची, याचा निर्णय त्यामुळे प्रत्येक सदस्याला स्वतः करावा लागे. हा साधा भासणारा निर्णय पुढील दहा वर्षांतील मराठी चर्चेच्या घडणीत फार महत्त्वाचा ठरला, असे म्हणावेसे वाटते.

या काळातील दुवा देण्याच्या पद्धतीवर सर्वांत खोल परिणाम कशाचा झाला असेल, तर तो फाँटच्या अडचणीचा. हा भाग थोड्या तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. देवनागरीसाठी १९९१ पासून युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत जागा होती, परंतु घरोघरीच्या संगणकांना ती वाचता येत नव्हती. म्हणून मराठी वृत्तपत्रांनी आपापले फाँट बनवून घेतले, ज्यांत संगणकाच्या दृष्टीने साठवलेले अक्षर रोमनच असे आणि त्यावर देवनागरीचा आकार तेवढा चढवलेला असे. वाचकाने तो विशिष्ट फाँट आपल्या यंत्रावर उतरवून घेतला तरच अग्रलेख वाचता येई, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन रांग उमटे. त्यातला एखादा परिच्छेद उचलून हितगुजवर किंवा विरोपात, म्हणजे ईमेलमध्ये, चिकटवला तर तीच रांग तिथेही उमटे, कारण दोन्ही ठिकाणचे फाँट वेगळे असत. परिणामी मराठी लेखाकडे लक्ष वेधू इच्छिणाऱ्याला उतारा देणे शक्यच नव्हते. त्याला तो लेख वाचून, त्यातील मुद्दा आपल्या शब्दांत, बहुधा रोमन लिपीत, दोन-चार ओळींत मांडावा लागे आणि मग पत्ता द्यावा लागे. पलीकडच्या वाचकाची जोडणी मंद आणि महाग असल्याने त्या ओळी वाचूनच तो पुढे जायचे की नाही हे ठरवी. सारांश करण्याची आणि दुव्यासोबत आपले मत जोडण्याची जी सवय आंतरजालावरील मराठी चर्चामंडळांत पुढे नियमासारखी रूढ झाली, तिचे मूळ बऱ्याच अंशी या गैरसोयीत आहे.

विंडोज २००० आणि त्यानंतरच्या प्रणालींसोबत ‘मंगल’ हा युनिकोड फाँट येऊ लागल्यावर परिस्थिती पालटली. हा फाँट घडवणारे र. कृ. जोशी हे मराठीतील प्रयोगशील कवी आणि सुलेखनकार होते. जाहिरात क्षेत्रात आणि मुंबईच्या आयआयटीत काम केल्यावर ते एनसीएसटीमध्ये भारतीय लिप्यांच्या कामात गुंतले. अक्षराकडे चित्र म्हणून पाहणाऱ्या कवीच्या हातचे वळण पुढच्या दशकातील बहुतेक सर्व मराठी वादविवादांच्या पडद्यावर उमटत राहिले, याची दखल मराठी वाङ्मयेतिहासात अजून पुरेशी घेतली गेलेली नाही, आणि ती घेतली जायला हवी. फाँटच्या पाठोपाठ टंकनाचा प्रश्न सुटला. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’सारख्या साधनाने रोमन कळफलकावर उच्चारानुसार टंकले की देवनागरी उमटू लागले, आणि २००४ साली सुरू झालेल्या ‘मनोगत’ने पानातच देवनागरी लिहिण्याची सोय आणि शुद्धलेखन तपासणारा ‘शुद्धिचिकित्सक’ देऊन प्रमाण मराठीत लिहिण्याचा आग्रह धरला. २००७ साली ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ ही दोन संकेतस्थळे निघाली, तर २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ आले. मराठी दुवासंस्कृतीचा बहराचा काळ म्हणून २००४ ते २०१४ हे दशक धरावे लागते.

या चार ठिकाणांची प्रकृती वेगवेगळी होती. उपक्रमाने कथा-कविता वगळून माहितीपर लेखन आणि चर्चा यांवर भर दिला, त्यामुळे तिथे भाषाशास्त्र, इतिहास, विज्ञान अशा विषयांवरील संदर्भ देण्या-तपासण्याची शिस्त सर्वांत कडक राहिली. चंद्रशेखर ऊर्फ तात्या अभ्यंकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या मिसळपावने उलट बैठकीतला मोकळेपणा जपला. तेथील चर्चाविभागाचे ‘काथ्याकूट’ हे नावच त्याची साक्ष देते, आणि सदस्यांच्या तोंडी त्याचे ‘काकू’ असे लघुरूप झाले. या मोकळ्या ठिकाणीही एक संकेत मात्र ठाम होता. चर्चेच्या पानाला ‘धागा’ म्हणत, आणि ज्याने धागा काढला त्याने नुसता दुवा टाकून किंवा एका ओळीत ‘यावर आपले मत काय?’ असे विचारून बाजूला होणे नापसंत केले जाई. अशा ‘एकोळी’ धाग्यावर पहिले दोन-चार प्रतिसाद विषयावर येत नसत, ते धागाकर्त्याला त्याचे स्वतःचे मत विचारणारे असत, आणि पुष्कळदा संपादक मंडळ तो धागा काढूनही टाकी. दुसऱ्याचा लेख जसाच्या तसा चिकटवण्यावरही प्रताधिकाराच्या, म्हणजे लेखकाच्या हक्काच्या, कारणास्तव बंदी असे. त्यामुळे लेख वाचून तो स्वतःच्या मराठीत सांगणे, त्यात काय पटले आणि काय नाही ते लिहिणे आणि शेवटी मूळ पत्ता देणे, एवढे काम केल्याखेरीज चर्चेला प्रारंभ करता येत नसे.

जगात इतरत्र याच सुमारास दुव्यांची चर्चा वेगळ्या वाटेने चालली होती. जॉर्न बार्गर या अमेरिकी लेखकाने १९९७ च्या डिसेंबरात आपल्या रोजच्या दुव्यांच्या यादीला ‘वेबलॉग’ म्हटले, आणि त्याच वर्षी ‘स्लॅशडॉट’ने तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे दुवे निवडून त्यांवर वाचकांचे प्रतिसाद घेण्याची पद्धत सुरू केली. मॅट हॉही यांनी १९९९ मध्ये काढलेल्या ‘मेटाफिल्टर’वर कोणाही सदस्याला दुवा मांडता येई, परंतु स्वतःच्याच लेखनाची जाहिरात तिथे निषिद्ध होती आणि २००४ पासून नव्या सदस्याला पाच डॉलर प्रवेशशुल्क भरावे लागे. २००३ मधील ‘डिलिशस’वर प्रत्येकाने साठवलेले दुवे विषयवार खुणा लावून सर्वांना दिसत, तर २००४ चे ‘डिग’ आणि २००५ चे ‘रेडिट’ यांनी निवडीचे काम मतांवर सोपवले, म्हणजे ज्या दुव्याला अधिक मते तो वर चढे. मराठी मंडळांत हा मतांचा मार्ग रुजला नाही. तिथे शेवटचा प्रतिसाद ज्या धाग्यावर पडला तो धागा वर येई, म्हणून एखादा विषय जिवंत ठेवायचा तर कोणाला तरी काहीतरी लिहावेच लागे. याचे तोटे उघड होते. वादग्रस्त धागे कायम वर राहत आणि ‘सहमत’ किंवा ‘+१’ एवढेच लिहिलेले प्रतिसाद पाने भरत. पण मूक पसंतीला किंमत नसल्यामुळे वाचणाऱ्याचे लिहिणाऱ्यात रूपांतर होण्याचे प्रमाण या मंडळांत लक्षणीय राहिले असावे.

ऐसी अक्षरेने या दोन पद्धतींचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. तेथील प्रतिसादांना सदस्य ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘विनोदी’, ‘खोडसाळ’, ‘भडकाऊ’, ‘अवांतर’, ‘निरर्थक’ अशा श्रेणी देऊ शकत. या वर्गीकरणाचे स्लॅशडॉटवरील उणे एक ते पाच या गुणमापनाशी आणि त्यासोबतच्या विशेषणांशी जवळचे नाते आहे. दुव्यांच्या दृष्टीने तेथील सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे ‘ही बातमी समजली का?’ ही धाग्यांची मालिका. स्वतंत्र धागा काढण्याइतके लिहायचे नाही, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे, अशा मजकुरासाठी ती होती. एका सदस्याने बातमीचा दुवा आणि त्याखाली दोन-तीन ओळी द्याव्यात, दुसऱ्याने त्याच घटनेवरचा वेगळा सूर असलेला लेख आणून जोडावा, तिसऱ्याने आकडेवारीतील विसंगती दाखवावी, मधेच कोणी अगदी निराळ्या देशातील निराळी बातमी मांडावी आणि दोन्ही चर्चा शेजारी-शेजारी चालू राहाव्यात, असे तिचे स्वरूप असे. शंभराच्या आसपास प्रतिसाद झाले की पान उघडायला जड होई, म्हणून पुढचा क्रमांक देऊन नवा भाग काढला जाई आणि आधीच्या भागाचा दुवा त्याच्या माथ्यावर ठेवला जाई. ‘सध्या काय वाचलंत?’ आणि ‘अलीकडे काय पाहिलंत?’ या मालिका याच पद्धतीने पुस्तके आणि चित्रपट यांच्यासाठी चालत. या भागांची सलग मांडणी केली तर मराठी मध्यमवर्गातील एक वाचणारा गट कोणत्या महिन्यात कशाने अस्वस्थ होता आणि कशाने आनंदला होता, याची जी नोंद हाती लागते ती वृत्तपत्रांच्या संचिकांतून मिळणे कठीण आहे.

या चर्चांचे भौगोलिक वेळापत्रकही त्यांच्या गुणाला पूरक होते. बंगळूर किंवा पुण्यातील सदस्याने रात्री जेवणानंतर मांडलेल्या दुव्यावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सदस्य आपल्या दुपारी लिहीत, कारण दोन ठिकाणांत साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर आहे. भारतातील वाचक सकाळी कचेरीत पोचेपर्यंत रात्रीचा वाद दोन पावले पुढे गेलेला असे. इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या वसाहतीतील अभियंत्याला या साखळीत विशेष सोयीची जागा होती, कारण घरी मंद जोडणी असली तरी कामाच्या ठिकाणी वेगवान जाळे असे, आणि अमेरिकेशी जुळवून घेतलेल्या पाळ्यांमुळे तो दोन्ही बाजूंच्या जागेपणात सहभागी होऊ शके. त्याहून महत्त्वाचा मुद्दा भाषेचा आहे. मांडले जाणारे दुवे बहुतांशी इंग्रजी मजकुराचे असत आणि चर्चा मात्र मराठीत होई. म्हणजे जनुकशास्त्र, शेअर बाजार, आण्विक करार किंवा इराणी चित्रपट यांविषयी वाचलेले मराठीत सांगण्याची गरज दररोज आणि शेकडो लोकांना पडत होती. शासकीय परिभाषा कोशांनी जे शब्द कपाटात ठेवले होते त्यांतले काही इथे वापरात आले, काही नाकारले गेले आणि काही नव्याने घडले. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे म्हणणारे पुष्कळ असतात, पण त्या दशकात ती प्रत्यक्ष वापरून पाहण्याचे काम या टोपणनावी लेखकांनी केले, आणि त्यांचे हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

अर्थात या समूहाच्या मर्यादा गंभीर होत्या. संगणक, इंग्रजी आणि मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे होत्या त्यांचेच हे जग होते. ते प्रामुख्याने शहरी, उच्चशिक्षित आणि उच्चवर्णीय होते, त्यामुळे आरक्षण किंवा शेतीच्या प्रश्नावरील दुवे ज्यांच्याविषयी असत ते लोक त्या चर्चेत क्वचितच असत. टोपणनावाच्या आडून, आणि एकाच व्यक्तीने घेतलेल्या दुसऱ्या नावाने, म्हणजे ‘डुआयडी’ने, हल्ले होत. स्त्री सदस्यांना त्याचा त्रास अधिक होई, आणि संपादकांच्या निर्णयांवरून रुसवेफुगवे होऊन गटच्या गट एका संकेतस्थळावरून उठून दुसरीकडे जात. नवी संकेतस्थळे निघण्यामागे नव्या कल्पनांइतकाच या मतभेदांचाही वाटा होता.

सर्वांत मोठी हानी मात्र वादांनी केली नाही, ती मृत दुव्यांनी केली. वृत्तपत्रांनी आपली रचना बदलली, जुने फाँट टाकून युनिकोड स्वीकारले आणि त्या उलथापालथीत आधीच्या लेखांचे पत्ते निकामी झाले. याहूने जिओसिटीज ही मोफत पानांची वसाहत २००९ मध्ये बंद केली, आणि मराठी समूहांनी गजबजलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी संपले. ब्रूस्टर केल यांच्या इंटरनेट आर्काइव्हने २००१ पासून खुल्या केलेल्या ‘वेबॅक मशीन’मध्ये काही पाने सापडतात, पण त्यांतील जुन्या फाँटमधला मराठी मजकूर आज उघडला तरी वाचता येत नाही. परिणामी २००५ चा एखादा धागा वाचताना मूळ लेख नाहीसा झालेला आणि त्यावरचे भाष्य तेवढे शिल्लक, अशी स्थिती दिसते. जिथे सदस्याने सारांश लिहिला होता तिथे चर्चा आजही समजते, आणि जिथे नुसता दुवा होता तिथे पुढचे ऐंशी प्रतिसाद कशाविषयी आहेत याचा पत्ता लागत नाही. एकोळी धाग्यांना विरोध करणाऱ्या संपादकांच्या डोळ्यांपुढे भविष्यातील अभ्यासक खचितच नव्हता, तरी त्यांच्या आग्रहाचा सर्वाधिक लाभ त्यालाच झाला.

२०१४ नंतर दुवे फेसबुकवर आणि विशेषतः व्हॉट्सॲपच्या गटांत गेले. आज आनेकल, चंदापूर किंवा सर्जापूर भागातील मोठ्या गृहसंकुलांत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गणेशोत्सवाच्या वर्गणीपासून राजकीय चित्रफितींपर्यंत सर्व काही फोनवर येते, आणि या प्रसाराची व्याप्ती जुन्या मंडळांना स्वप्नातही शक्य नव्हती, कारण ज्यांना संगणक परवडत नव्हता त्यांच्याही हाती आता मराठी मजकूर पोचतो. परंतु तिथे दुवा पाठवणाऱ्याने तो वाचलेला असतोच असे नाही, त्याचे मत सोबत नसते, आधीचा वाद शोधून काढता येत नाही आणि गटाबाहेरच्या माणसाला तो कधी झाला हेही कळत नाही. जुनी मंडळे चालू आहेत, काहींवर अजूनही नवे धागे निघतात, पण उपक्रमासारख्या ठिकाणचे लेखन केव्हाच थंडावले.

या साहित्याचे जतन कोणी करावे हा प्रश्न म्हणून तातडीचा आहे. यूजनेटवरील जुने निरोप १९९५ च्या ‘देजा न्यूज’ने साठवले आणि २००१ मध्ये ते गूगलकडे गेले, त्यामुळे मराठी गटाचे आरंभीचे लेखन एका परदेशी कंपनीच्या संग्रहात तरी आहे. मायबोलीने जुने हितगुज वाचनापुरते जपले. बाकी ठिकाणांची मदार त्या-त्या चालकाच्या वैयक्तिक खर्चावर आणि उत्साहावर आहे. एखाद्या विद्यापीठाने किंवा राज्य मराठी विकास संस्थेने हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर तांत्रिक अडचण फारशी येणार नाही, कारण २००४ नंतरचा बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आहे. अडचण येईल ती हक्कांची. प्रत्येक प्रतिसादाचा प्रताधिकार त्याच्या लेखकाकडे आहे, तो लेखक टोपणनावाने लिहीत होता, आणि नोंदणीच्या वेळी दिलेला त्याचा विरोपपत्ता बहुधा वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीतला आहे.